किरकोळ अपघातात गाडीचे झालेले नुकसान विम्याशिवाय आपसात मिटवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये संध्याकाळी पलासियापासून गीता भवनपर्यंतच्या रांगेत किंवा रात्री सराफ्याकडे वळणाऱ्या गल्ल्यांत गाडीला गाडी घासणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. अशा वेळी बहुतेक लोक विमा कंपनीकडे न जाता आपसात मिटवणे पसंत करतात आणि पुष्कळदा ते शहाणपणाचेही असते. मात्र घाईने केलेली तडजोड पुढे क्लेमपेक्षा महाग पडल्याची उदाहरणे आमच्या नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी इतकी आहेत की त्यांतून वारंवार निघणारे प्रश्न एकत्र मांडणे उपयोगाचे वाटले. पुढील उत्तरे खासगी मोटारींना धरून लिहिली आहेत.

कोणते नुकसान आपसात मिटवण्याजोगे मानावे?

कोणालाही इजा झालेली नाही, दोन्ही गाड्या स्वतःच्या चाकांवर घरी जाऊ शकतात, नुकसान बंपर, दरवाजा, फेंडर, आरसा किंवा दिवा एवढ्यापुरते आहे आणि चूक कोणाची याबद्दल दोघांत मोठा वाद नाही, अशी स्थिती असेल तरच हा मार्ग धरावा. रेडिएटरमधून पाणी गळत असेल, बॉनेट किंवा डिकी नीट बंद होत नसेल, स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा एअरबॅग उघडली असेल, तर ते नुकसान किरकोळ नव्हे. दुचाकीस्वार पडला असेल आणि तो उठून ‘काही झाले नाही’ असे म्हणत असेल, तरीही ती इजेची घटना समजावी, कारण मुका मार दुसऱ्या दिवशी दुखायला लागतो. इजेच्या बाबतीत १०८ आणि ११२ हे दोन क्रमांक आधी, बाकीचे बोलणे नंतर.

सरकारी दुभाजक, रेलिंग किंवा सिग्नलचा खांब मोडला असेल तर तेथे ‘समोरची व्यक्ती’च नसते. तशी तडजोड कोणाही व्यक्तीशी करता येत नाही.

धडक झाल्यावर रस्त्यावर नेमके काय करावे?

गाड्या हलवण्याआधी, वाहतूक परवानगी देत असेल तर, चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. नुसत्या पोच्याचा जवळून काढलेला फोटो पुढे फारसा उपयोगी पडत नाही. दोन्ही नंबरप्लेट, रस्त्याचा पट्टा, मागचे एखादे दुकान किंवा चौराह्याची पाटी आणि पुढच्या चाकांची दिशा एकाच चौकटीत दिसतील असा फोटो लांबून घ्यावा, कारण कोण वळत होते आणि कोण सरळ येत होते हे चाकांवरूनच कळते. डॅशकॅम असल्यास ती फाइल त्याच दिवशी बाजूला काढून ठेवावी, नाहीतर पुढच्या प्रवासांचे चित्रण तिच्यावर चढते.

त्यानंतर लायसन्स, आरसी आणि विमा पॉलिसी यांचे फोटो परस्परांनी घ्यावेत. कागद जवळ नसतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये ते दाखवता येतात. समोरच्याने दिलेल्या मोबाइल क्रमांकावर तेथेच उभे राहून एक मिस्ड कॉल द्यावा. हे उद्धट वाटेल, पण चुकीचा एक आकडा लिहून दिला गेला की पुढचे सगळे सौजन्य वाया जाते.

चूक कोणाची यावर रस्त्यात खल करू नये. पुढच्या वाहनापासून पुरेसे अंतर राखण्याचे बंधन मोटार व्हेइकल्स (ड्रायव्हिंग) रेग्युलेशन्स, २०१७ मध्ये मागच्या चालकावर घातलेले असल्याने पाठीमागून बसलेल्या धडकेत सहसा वाद उरत नाही, आणि गाडी मागे घेणाऱ्यानेही मागे कोणी नाही याची खात्री करायची असते. वाद पट्टा बदलताना आणि चौराह्यावर वळताना होतात. तेथे दोघांनी आपापला खर्च आपण सोसणे हीच पुष्कळदा सर्वांत स्वस्त तडजोड ठरते.

रक्कम जागेवरच ठरवून मोकळे झाले तर काय बिघडते?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल तर हे वाचावे. रस्त्यावर माहितीची देवाणघेवाण करावी, रक्कम मात्र बंपर उतरवून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

काही वर्षांपूर्वी रामबागेजवळ एका तरुणाने माझ्या उभ्या गाडीला मागून धक्का दिला. बंपरवर तळहाताएवढे चरे आणि एका कोपऱ्यात पांढरट सुरकुती, एवढेच दिसत होते. तो मुलगा भला होता, त्याने दोन हजार रुपये पुढे केले आणि मी ते घेऊन ‘झाले, मिटले’ असे म्हणून टाकले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बंपर उतरवला, तेव्हा आतली आडवी लोखंडी पट्टी वाकलेली, बाजूचा ब्रॅकेट तुटलेला आणि पार्किंग सेन्सरची वायर चेपलेली निघाली. बंपर प्लॅस्टिकचा असल्यामुळे दाबला जातो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. ती पांढरट सुरकुती म्हणजे प्लॅस्टिक वाकून परत आल्याची खूण होती आणि ती वाचता न येणे हा माझा अडाणीपणा होता. बिल अकरा हजारांच्या पुढे गेले. त्या मुलाला फोन करायला माझी जीभ रेटली नाही, कारण ‘मिटले’ हा शब्द मीच उच्चारला होता.

कायदेशीर दृष्टीनेही त्या शब्दाला वजन असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार ज्याला येणे आहे त्याने कमी रकमेवर समाधान मानले, तर उरलेली रक्कम त्याला नंतर मागता येत नाही, आणि तोंडी करारही करारच असतो. म्हणून जागेवर काही पैसे घेतलेच, तर ‘ही आगाऊ रक्कम आहे, अंतिम आकडा अंदाजपत्रकानंतर’ असा संदेश व्हॉट्सॲपवर तेथल्या तेथे पाठवून समोरच्याकडून ‘हो’ घ्यावा.

पोलिसांना आणि विमा कंपनीला न कळवणे कायद्यात बसते का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ ची भाषा लोकांच्या समजुतीपेक्षा कडक आहे. इजेबरोबरच दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल तरीही चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा चोवीस तासांत, माहिती द्यावी, तसेच विमा कंपनीला घटनेचा तपशील लेखी कळवावा, असे ते कलम सांगते. चरा पडला म्हणून कोणी ठाण्यात जात नाही ही वस्तुस्थिती आहे, पण कलम आहे ते आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते. ठाण्यात घटनेची माहिती देणे म्हणजे एफआयआर नोंदवणे नव्हे, आणि विमा कंपनीला कळवणे म्हणजे क्लेम करणे नव्हे. कंपनीला ईमेल करताना ‘ही केवळ घटनेची माहिती असून सध्या कोणताही दावा करत नाही’ हे वाक्य स्पष्ट लिहावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. तडजोड फिसकटली, तर हीच पोच कामाला येते.

तडजोडीबाबत पॉलिसीत काही अट असते का?

असते, आणि ती जवळजवळ कोणीच वाचलेली नसते. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत अशी अट आहे की कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणीही चूक कबूल करू नये, भरपाईचा प्रस्ताव किंवा आश्वासन देऊ नये आणि पैसेही देऊ नयेत. याचा अर्थ असा की समोरच्याला ‘तुमचा सगळा खर्च माझा’ असे लिहून दिल्यानंतर तोच खर्च कंपनीने सोसावा अशी अपेक्षा धरता येत नाही. पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचे पक्के असेल तरच तसे लिहून द्यावे, दोन्ही दगडांवर पाय ठेवू नयेत.

त्याच पॉलिसीत आणखी एक गमतीची तरतूद आहे. कंपनीने पाहण्याआधी दुरुस्ती करून घेण्याची मुभा विमाधारकाला आहे, पण ती ५०० रुपयांपर्यंतच्या खर्चासाठी. आजच्या काळात त्या रकमेत आरशाची काचही धड येणार नाही. तेव्हा क्लेमची शक्यता थोडी जरी शिल्लक असेल, तरी सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाने, पाहिल्याशिवाय गाडी दुरुस्त करू नये.

क्लेम करण्यापेक्षा खिशातून देणे केव्हा परवडते?

याचे उत्तर नो क्लेम बोनसमध्ये आहे. हप्त्याच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या, भागावर क्लेमविना गेलेल्या सलग वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळत जाते, आणि क्लेम दोन हजारांचा असो वा दोन लाखांचा, ती सूट शून्यावर येते. बोनस टिकवण्याचे जोडकलम घेतलेले असेल तर गोष्ट वेगळी.

मूळ ओन डॅमेज हप्ता १०,००० रुपये आहे आणि तो तसाच राहतो असे हिशेबापुरते धरू. प्रत्यक्षात गाडीची विमा किंमत उतरत जाते, त्यामुळे आकडे थोडे कमी होतील. ज्याची सूट ५० टक्क्यांवर पोचली आहे तो दरवर्षी ५,००० भरतो. त्याने आज क्लेम घेतला तर पुढील सहा नूतनीकरणांत त्याला अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५००, ५,५०० आणि मग पुन्हा ५,००० भरावे लागतील, म्हणजे एकूण १२,५०० रुपये जास्त. ज्याची सूट अजून २० टक्क्यांवरच आहे त्याचा हाच तोटा ८,००० भरतो.

आता दुसरी बाजू पाहू. समजा मागचा बंपर ९,००० रुपये, रंगकाम ५,००० आणि मजुरी २,००० असे जीएसटी धरून १६,००० चे बिल झाले. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे बंपरचे ४,५०० मिळतात. रंगकामाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा रंगसाहित्याचा धरून त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणजे ६२५ जातात आणि ४,३७५ उरतात. मजुरी पूर्ण मिळते. या सगळ्यातून विमाधारकाने स्वतः सोसायची सक्तीची रक्कम वजा होते, ती १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीला २,००० असते. लहान मोटारीच्या मालकाच्या हातात ९,८७५ रुपये पडतात. पन्नास टक्के सूट असलेल्याने एवढ्यासाठी १२,५०० गमावणे हा उघड तोटा आहे, आणि वीस टक्केवाल्याला जेमतेम १,८७५ रुपयांचा फायदा आहे.

झिरो डेप हे जोडकलम घेतलेले असेल तर घसारा कापला जात नाही, त्यामुळे त्याच बिलाचे १५,००० मिळतात आणि हिशेब फिरतो. मात्र पुष्कळ पॉलिसींत झिरो डेपच्या क्लेमची वर्षातली संख्या ठरलेली असते. किरकोळ पोच्यावर ती संधी खर्च करायची का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

चूक माझी असेल तर समोरच्याचे नुकसान माझा थर्ड पार्टी विमा भरून देत नाही का?

देतो, कागदावर. खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान साडेसात लाख रुपयांपर्यंत समाविष्ट असते, आणि या भागातल्या दाव्याचा आपल्या बोनसशी संबंध नसतो, कारण बोनस ओन डॅमेजचा असतो. अडचण अशी की कंपनी ऐकत नसेल तर ते पैसे मिळवण्यासाठी समोरच्याला मोटार अपघात दावा प्राधिकरणाचे दार ठोठवावे लागते आणि आठ-दहा हजारांसाठी वकील लावून तारखा करायला कोणी तयार होत नाही. म्हणूनच त्याच्यापुढे दोनच व्यवहार्य रस्ते उरतात : स्वतःच्या ओन डॅमेजमधून क्लेम घेऊन स्वतःचा बोनस घालवणे, किंवा आपल्याकडे रोख मागणे. त्याच्याकडे नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर पहिला रस्ताही बंद असतो. तो रोख मागतो म्हणजे तो लबाड आहे असे चटकन समजू नये.

समोरच्याने स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करून घेतली आणि आता माझ्याकडे पैसे मागत आहे. द्यावेत का?

पूर्ण बिलाचे देऊ नयेत, कारण एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेणे हा अप्रामाणिकपणा आहे. त्याच्या खिशातून गेलेली तूट, म्हणजे घसारा, सक्तीची रक्कम आणि बुडालेला बोनस, एवढी मागणी रास्त म्हणता येईल. वरच्या उदाहरणात घसारा आणि सक्तीची रक्कम मिळून ६,१२५ होतात आणि बोनसचा हिशेब वेगळा. ती देताना कंपनीने मंजूर केलेल्या बिलाची प्रत मागावी. आणखी एक खबरदारी : क्लेम दिल्यावर चूक करणाऱ्याकडून वसुली करण्याचा हक्क कंपनीकडे जातो, त्यामुळे दोन वाहनमालकांनी आपसात लिहिलेल्या चिठ्ठीने कंपनीचा तो हक्क बुडतो असे गृहीत धरू नये.

अंदाजपत्रक कोणत्या गॅरेजचे ग्राह्य धरावे?

गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरचे, जुनी असेल तर दोघांना मान्य अशा डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे. दोन अंदाजपत्रके घ्यावीत आणि पैसे देणाऱ्याने बंपर उतरवताना स्वतः हजर राहावे. ‘बदलायचे की दुरुस्त करायचे’ यावर सर्वाधिक घासाघीस होते. पत्र्याचा पोचा ठोकून, पुट्टी-प्रायमर लावून सरळ होतो आणि रंग उडालेला नसेल तर पुट्टीशिवायही बाहेर काढता येतो. हेडलाइटचा कान तुटला असेल तर तो चिकटवून दिलेला दिवा पहिल्या खड्ड्यात हलू लागतो, तेथे बदलणेच योग्य. एक पॅनेल रंगवल्यावर मोतिया किंवा धातुई छटा शेजारच्या पॅनेलशी जुळावी म्हणून रंग थोडा पुढे पसरवावा लागतो. तो खर्च मागितला तर ती लूट समजू नये. धडकेआधीचे जुने चरे मात्र या बिलात घुसडू देऊ नयेत.

लिखापढी कशी करावी? स्टॅम्प पेपर लागतो का?

साध्या कागदावरची, दोघांच्या सह्या असलेली आणि शक्य तर एका साक्षीदाराची सही असलेली चिठ्ठी पुरते. तीत तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, दोघांची नावे आणि पत्ते, नुकसान झालेल्या भागांची यादी, ठरलेली रक्कम, ती कोणत्या तारखेला व कशी दिली, आणि ‘या घटनेतील वाहनाच्या नुकसानीबाबत ही रक्कम पूर्ण व अंतिम आहे, कोणालाही इजा झालेली नाही’ ही वाक्ये असावीत. चूक कबूल केल्याचे वाक्य घालण्याची गरज नसते, ‘चूक कोणाची हे न ठरवता’ असे लिहिले तरी कागद तितकाच पक्का राहतो. पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावावे.

घरात आपण मराठी बोलत असलो तरी हा कागद इंदूरमध्ये हिंदीत लिहावा, कारण समोरचा बहुधा हिंदी वाचणारा असतो आणि वेळ आली तर ठाण्यात किंवा न्यायालयात तोच वाचला जाणार असतो. येथे एका शब्दाने नव्याने आलेल्या मराठी माणसाची तारांबळ उडते. ठाण्यातला मुन्शी जेव्हा ‘राजीनामा कर लो’ म्हणतो, तेव्हा तो नोकरी सोडायला सांगत नसतो. इकडच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोडीचा लेख. पुण्याहून आलेला आमचा एक भाचा हे ऐकून खरोखर घाबरला होता.

पैसे रोख द्यावेत की ऑनलाइन?

ऑनलाइन, आणि गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात. यूपीआयच्या टिपणीत गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहावी. त्याहून चांगले म्हणजे काम पूर्ण झाल्यावर रक्कम थेट गॅरेजला देणे. मग ‘पैसे घेतले पण दुरुस्ती केलीच नाही’ हा सल राहत नाही.

समोर मालक नसून ड्रायव्हर असेल, किंवा गाडी लहान मुलाच्या हातात असेल तर?

ड्रायव्हरला मालकाच्या वतीने तडजोड करण्याचा अधिकार असतोच असे नाही, म्हणून मालकाशी फोनवर बोलून संदेशात त्याची संमती घ्यावी. कंपनीच्या किंवा भाड्याच्या गाडीबाबत कार्यालयाकडून लेखी उत्तर येईपर्यंत थांबावे. अठरा वर्षांखालील मुलाने केलेला करार कायद्याने मुळातच निरर्थक असतो. त्याच्याशी काहीही ठरवू नये, पालकांना बोलवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अशा प्रकरणात पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तो धाक दाखवून जास्त पैसे उकळणे मात्र आपल्यालाच गुन्ह्याच्या वाटेवर नेईल.

गर्दी जमली आणि दबावाखाली पैसे द्यावे लागले तर?

आधी सुखरूप बाहेर पडावे, ११२ ला फोन करावा. धाकदपटशाने घेतलेली संमती करार कायद्यानुसार रद्द करून घेता येते. मात्र त्यासाठी त्याच दिवशी लेखी तक्रार हवी, आठवड्याने आठवलेला दबाव कोणी मानत नाही.

‘दुरुस्तीचे पैसे देतो’ म्हणणारा आता फोन उचलत नाही. पुढे काय?

म्हणूनच मुदत आधीच ठरवावी, तीन दिवस पुरेत, आणि तोवर गाडी दुरुस्तीला देऊ नये. मुदत टळली की त्याच दिवशी विमा कंपनीकडे रीतसर क्लेम नोंदवावा. केवळ उशिराच्या कारणावरून खरे दावे फेटाळू नयेत असे परिपत्रक विमा नियामकाने २०११ मध्ये काढलेले आहे, पण उशिराचे समर्पक कारण आपल्याला सांगता आले पाहिजे, आणि येथे ते व्हॉट्सॲपवरच्या संभाषणात तयार असते.

क्लेम करायचा नसेल तर लेखी नोटीस पाठवून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्रकरण कोर्टात जाण्याआधीच ते लोकअदालतीपुढे ठेवता येते आणि तेथे झालेल्या समझोत्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. लेखी कराराचा भंग झाला असेल तर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत आहे.

उभ्या गाडीला माझी गाडी घासली आणि मालक सापडत नाही. काय करावे?

फोटो काढावा, वायपरखाली नाव आणि मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, शेजारच्या दुकानदाराला सांगावे. पावसाळ्यात चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी.

आपसात मिटवलेली घटना नूतनीकरणाच्या वेळी किंवा गाडी विकताना सांगावी लागते का?

नूतनीकरणाच्या अर्जात मागील वर्षी क्लेम घेतला का, असे विचारतात. घेतला नसेल तर ‘नाही’ हे उत्तर खरे आहे आणि बोनस कायम राहतो. मात्र पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर इतक्या कष्टाने वाचवलेला बोनस आपोआप बुडतो. गाडी विकताना खरेदीदाराने विचारले तर सांगावे आणि दुरुस्तीचे बिल दाखवावे. रंग पुन्हा मारल्याचे जाडी मोजणाऱ्या यंत्राने जुन्या गाड्यांचे व्यापारी दोन मिनिटांत ओळखतात, आणि बिल हाताशी असले की ‘मोठी ठोकलेली गाडी’ म्हणून भाव पाडायला त्यांना जागा मिळत नाही.